प्येर आंद्रे लात्रेय

प्येर आंद्रे लात्रेय (जन्म : २९ नोव्हेंबर १७६२, ब्रीव, मृत्यू : ६ फेब्रुवारी १८३३, पॅरिस) हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ होते. कीटक, कोळी, विंचू, खेकडे, झिंगे इत्यादी संधिपाद प्राण्यांच्या वर्गीकरणाची आधुनिक घडी ज्यांनी बसवली, त्यांत लात्रेय यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कीटकांचे अनेक वंश ‘कुल’ या एका पायरीखाली एकत्र आणण्याची रीत त्यांनी रूढ केली. मुंग्यांचे फॉर्मिसिडी, मधमाश्यांचे एपिडी, शेणकिड्यांचे स्कॅरॅबिडी आणि स्किपर फुलपाखरांचे हेस्पेरिडी या कुलांपुढे कर्ता म्हणून आजही त्यांचेच नाव लिहिले जाते. कीटकांच्या भौगोलिक प्रसाराचा स्वतंत्र विषय म्हणून विचार करणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांपैकी ते एक होत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते मृत्यूच्या छायेत तुरुंगात होते. कोठडीत सापडलेला एक भुंगेरा त्यांनी ओळखला आणि त्यामुळे त्यांचे प्राण वाचले.

जन्म व बालपण

लात्रेय यांचा जन्म फ्रान्सच्या मध्य-नैर्ऋत्य भागातील लिमूझँ प्रांतात, ब्रीव या गावी झाला. त्यांचे वडील बॅरन द’एस्पान्याक हे सैन्यातील उच्चपदस्थ अधिकारी होते. लात्रेय ही त्यांची विवाहबाह्य संतती असल्याने त्यांनी मुलाचा कधीच स्वीकार केला नाही. आईनेही जन्मतःच त्याचा त्याग केला. त्यामुळे आईवडील असूनही मूल अनाथासारखेच वाढले. मात्र गावातील काही सहृदय माणसांनी त्याचा सांभाळ केला. आधी एका वैद्याने, नंतर एका व्यापाऱ्याने आणि पुढे बॅरनच्या मृत्यूनंतर त्याच्या घराण्यातील मंडळींनी त्याच्या पालनपोषणाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या काळच्या फ्रान्समध्ये कुळाच्या नावावर माणसाची प्रतिष्ठा ठरत असे. ज्याला स्वतःच्या कुळाचा आधार मिळाला नाही, त्यानेच पुढे कीटकांची कुले लावून दिली.

शिक्षण व धर्मदीक्षा

१७७८ मध्ये लात्रेय यांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठवण्यात आले. तेथील कार्दिनाल लमुआन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. स्फटिकविज्ञानाचा पाया घालणारे रने-जुस्त आउई त्या वेळी याच महाविद्यालयात अध्यापक होते. आउई यांना वनस्पतिशास्त्राचीही आवड होती. त्यांच्याकडून लात्रेय यांनी वनस्पतींचे पहिले धडे घेतले आणि त्यांच्यामुळेच ज्यां-बाप्तीस्त लामार्क यांच्याशी त्यांची ओळख झाली. ब्युफाँ यांच्या देखरेखीखालील राजोद्यानात फिरणे आणि पॅरिसच्या आसपास कीटक गोळा करणे हा त्यांचा छंद याच काळात जडला.

निराधार व बुद्धिमान मुलासाठी त्या काळी धर्मसेवा हा चरितार्थाचा सर्वांत सुरक्षित मार्ग होता. लात्रेय यांनीही तोच पत्करला. १७८० मध्ये ते लिमोझ येथील धर्मविद्यालयात दाखल झाले आणि १७८६ मध्ये दीक्षा घेऊन बाहेर पडले. प्रत्यक्षात धर्मोपदेशकाचे काम त्यांनी केले नाही. ब्रीव येथे परतल्यावर त्यांचा बहुतेक वेळ कीटकांचे निरीक्षण करण्यात जाई. त्यानंतर ते पुन्हा पॅरिसला गेले. तेथे फ्रान्समधील म्युटिला या गांधीलमाशीसदृश कीटकांवर त्यांनी एक निबंध लिहिला. या लेखनामुळे निसर्ग अभ्यासकांच्या वर्तुळात त्यांचे नाव झाले.

राज्यक्रांती व तुरुंगवास

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढच्याच वर्षी नव्या राजवटीने धर्मसंस्थेसंबंधी कायदा केला आणि सर्व धर्मगुरूंनी राज्याशी निष्ठेची शपथ घेणे बंधनकारक ठरवले. लात्रेय यांनी ती शपथ घेतली नाही. शपथ न घेणारे धर्मगुरू हळूहळू राज्याचे शत्रू गणले जाऊ लागले. खुद्द आउई यांनाही १७९२ मध्ये अटक झाली होती आणि त्यांचे तरुण शिष्य एत्येन जोफ्र्वा सँ-तिलेर यांच्या खटपटीने त्यांची सुटका झाली होती. नोव्हेंबर १७९३ मध्ये लात्रेय यांनाही कैद करण्यात आले. त्यांची रवानगी बोर्दो येथील तुरुंगात झाली. देहदंडाची टांगती तलवार डोक्यावर होती.

एके दिवशी कैद्यांची तपासणी करण्यासाठी तुरुंगाचे वैद्य कोठडीत आले. त्या वेळी लात्रेय जमिनीवर वाकून एक भुंगेरा न्याहाळत होते. वैद्याने आश्चर्याने विचारणा केली, तेव्हा हा कीटक दुर्मीळ असल्याचे लात्रेय यांनी सांगितले. तो भुंगेरा म्हणजे नेक्रोबिया रुफिकोलिस. त्याची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर असते, खांद्याचा भाग तांबडा आणि मागील भाग चकचकीत निळा असतो. मेलेल्या प्राण्यांचे वाळलेले मांस व कातडी हे त्याचे आश्रयस्थान. फाब्रिसियस यांनी १७७५ मध्येच या जातीचे वर्णन केले होते.

कैद्याच्या ज्ञानाने वैद्य प्रभावित झाला. त्याने तो नमुना बोर्दोमधील एका निसर्गप्रेमी मुलाकडे पाठवला. त्या मुलाचे नाव ज्यां-बाप्तीस्त बोरी द सँ-व्हँसाँ. त्याचे वय त्या वेळी अवघे पंधरा वर्षांचे होते. पुढे तोही नामवंत निसर्गवैज्ञानिक झाला. बोरीने लात्रेय यांचे लेखन वाचले होते. कोठडीत कोण आहे हे त्याने नेमके ओळखले आणि ओळखीपाळखीचा उपयोग करून लात्रेय व त्यांच्या एका सोबत्याची सुटका करवून घेतली. त्यांच्यासोबतचे बाकीचे सर्व कैदी त्यानंतर महिन्याभरातच मृत्यू पावले.

नेक्रोबिया हे नाव मृत्यू आणि जीवन अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. लात्रेय यांच्या चरित्रात या भुंगेऱ्याला कायमचे स्थान मिळाले. कोणत्याही सामान्य माणसाने चिरडून टाकला असता असा हा कीटक. तो कोणता आहे हे जाणणारा एक माणूस कोठडीत होता आणि त्या जाणण्याचे मोल समजणारे दोघे जण बाहेर होते, म्हणून ही सुटका घडली.

पहिला ग्रंथ

सुटकेनंतर लात्रेय यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. याच काळात फाब्रिसियस आदी कीटकशास्त्रज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. फाब्रिसियस यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कीटकांच्या वंशलक्षणांचा नैसर्गिक क्रमाने मांडलेला संक्षेप तयार केला. तो त्यांनी १७९६ मध्ये ब्रीव येथे स्वखर्चाने छापला. या छोट्या ग्रंथात कीटकांचे वंश प्रथमच कुलांमध्ये विभागलेले दिसतात. मात्र त्या कुलांना नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. वंशांची लक्षणे दिली होती, पण त्यांत कोणत्या जाती येतात हे सांगितलेले नव्हते. आराखडा तयार झाला होता, तो भरून काढण्याचे काम पुढील पंधरा वर्षांत झाले.

१७९७ मध्ये लात्रेय यांच्यावर पुन्हा संकट आले. त्यांना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांची पुस्तके जप्त झाली. या वेळी पॅरिसच्या राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील क्युव्हिए, लासेपेद व लामार्क यांनी आपले वजन खर्च करून त्यांना मुक्त केले.

पॅरिसच्या संग्रहालयात

१७९८ मध्ये लात्रेय या संग्रहालयात रुजू झाले. त्यांच्याकडे संधिपाद प्राण्यांचा संग्रह लावण्याचे काम आले. लामार्क तेथे कीटक, कृमी व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांचे प्राध्यापक होते आणि लात्रेय त्यांच्यासोबत काम करू लागले. पद सहायकाचे होते आणि ते दीर्घकाळ तसेच राहिले. मात्र जगभरातून येणारे नमुने त्यांच्या हाताखालून जात असत. लेखणीने कीर्ती मिळवण्यापूर्वी त्यांनी डोळ्यांनी व हातांनी हा संग्रह आत्मसात केला.

पुढील दशक त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरले. फ्रान्समधील मुंग्यांवरील त्यांचा निबंध १७९८ मध्ये आणि मुंग्यांवरील विस्तृत ग्रंथ १८०२ मध्ये आला. १८०२ ते १८०५ या काळात कवचधारी प्राणी व कीटक यांचा सामान्य व विशेष इतिहास चौदा खंडांत प्रसिद्ध झाला. हे खंड सोनिनी यांनी संपादित केलेल्या ब्युफाँच्या ग्रंथमालेचा भाग होते. त्यानंतर १८०६ ते १८०९ या काळात लॅटिन भाषेतील ‘गेनेरा क्रुस्टासेओरुम एट इन्सेक्टोरुम’ हा चार खंडांचा ग्रंथ निघाला. लात्रेय यांच्या कार्याचा कळस म्हणून या ग्रंथाकडे पाहिले जाते. अंगावर दाट लव असलेल्या गुबगुबीत मधमाश्यांचा बाँबस हा वंश आणि लाकूड पोखरून घर करणाऱ्या काळ्या भुंग्यांचा झायलोकोपा हा वंश त्यांनीच १८०२ मध्ये स्थापन केला. महाराष्ट्रात घराच्या वाशांना व वाळक्या लाकडाला गोल भोके पाडणारा जो मोठा काळा भुंगा सर्वांच्या परिचयाचा आहे, तो याच झायलोकोपा वंशातील होय.

वर्गीकरणाची पद्धत

लात्रेय यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्यांच्या आधीची स्थिती पाहणे आवश्यक आहे. स्वीडनचे लिनीयस यांनी कीटकांचे गण मुख्यतः पंखांवरून ठरवले होते. पंख किती, ते पातळ की कठीण, त्यांवर खवले आहेत की नाहीत, हे त्यांचे निकष होते. लिनीयस यांचे डॅनिश शिष्य फाब्रिसियस यांनी पंख बाजूला ठेवून मुखांगांना प्राधान्य दिले. कीटक काय खातो व कसा खातो हे मुखांगांवरून कळते, म्हणून त्यांवर आधारलेली रचना अधिक खोल जाईल, असा त्यांचा विचार होता. दोन्ही पद्धती एकाच अवयवावर भर देणाऱ्या होत्या. कोणताही एकच अवयव निवडला की काही नातलग दूर जातात आणि काही परके एकत्र येतात, ही अडचण दोन्हींत होती.

वनस्पतिशास्त्रात आंत्वान-लोराँ द झ्युसिय यांनी १७८९ मध्ये अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून वनस्पतींची नैसर्गिक कुले मांडली होती. लात्रेय यांनी हीच दृष्टी कीटकांच्या क्षेत्रात आणली. पंख, मुखांगे, शृंगिका, पाय, शरीराची एकूण ठेवण आणि रूपांतरणाच्या अवस्था या साऱ्यांचा मेळ घालून ते वंशांचे गट बांधत. फाब्रिसियस यांच्याविषयी त्यांना आदर होता, पण त्यांची पद्धत लात्रेय यांनी जशीच्या तशी उचलली नाही. दोन्ही पूर्वसूरींकडून जे टिकाऊ होते ते घेऊन त्यांनी जाती, वंश, कुल व गण अशी सलग उतरंड रचली. त्यातील ‘कुल’ ही पायरी कीटकविज्ञानाला त्यांनी दिलेली देणगी होय.

स्किपर फुलपाखरांचे कुल

या पद्धतीचे एक बोलके उदाहरण म्हणजे स्किपर फुलपाखरे. ही फुलपाखरे आकाराने बहुधा लहान, अंगाने भक्कम व डोक्याने रुंद असतात. रंग सहसा तपकिरी किंवा मळकट असतो. उडताना ती इकडून तिकडे झटकन उसळी मारत जातात आणि त्यावरूनच त्यांना हे इंग्रजी नाव पडले. त्यांच्या दोन शृंगिकांच्या मुळांमध्ये बरेच अंतर असते आणि पुष्कळ जातींत शृंगिकेचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. अळीचे डोके मोठे व मान बारीक असते. ती पान दुमडून किंवा गुंडाळून त्याच्या आडोशाला राहते.

१७५८ मध्ये लिनीयस यांनी सर्व फुलपाखरे पॅपिलिओ या एकाच वंशात ठेवली होती. त्यांतील लहान, सामान्य फुलपाखरांना त्यांनी ‘प्लेबेयी’ म्हणजे सामान्यजन असे नाव दिले आणि त्यांचे ग्रामवासी व नगरवासी असे दोन भाग केले. नगरवासी गटात मुख्यतः स्किपर होती, तर ग्रामवासी गटात निळी व इतर छोटी फुलपाखरे होती. १७९३ मध्ये फाब्रिसियस यांनी हेस्पेरिया हा वंश स्थापन केला, पण त्यात हे दोन्ही भाग एकत्रच राहिले. अशा प्रकारे नाजूक निळी फुलपाखरे आणि दणकट स्किपर एकाच वंशाच्या छत्राखाली नांदत होती.

लात्रेय यांनी हे छत्र मोडले. १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी स्किपर फुलपाखरांचा स्वतंत्र गट केला. मागच्या पायांच्या नळीवर काट्यांची एक जोडी आहे की दोन, विश्रांतीच्या वेळी पंख कसे धरले जातात, शृंगिकांचे टोक कसे आहे, अशा अनेक खुणा त्यांनी विचारात घेतल्या. स्किपर फुलपाखरांच्या मागच्या पायांवर सामान्यतः काट्यांच्या दोन जोड्या असतात, इतर फुलपाखरांत एकच असते. नगण्य वाटणारी ही खूण पतंगांशी जवळीक दाखवते. त्यामुळे स्किपर ही फुलपाखरे खरी, पण इतर फुलपाखरांपासून वेगळी, ही गोष्ट त्यांच्या मांडणीतून स्पष्ट झाली. कुलनामाच्या अखेरीस ठरावीक प्रत्यय लावण्याचा संकेत नंतर रूढ झाला. प्राणिनामकरणाच्या नियमांप्रमाणे कुलनामाचा शेवट बदलला तरी मूळ कर्ता व वर्ष कायम राहतात. म्हणूनच हेस्पेरिडी या नावापुढे आजही ‘लात्रेय, १८०९’ असे लिहिले जाते.

मात्र ही मांडणी निर्दोष नव्हती. पायांवरील काट्यांच्या दोन जोड्या या खुणेवर भर दिल्यामुळे त्यांनी युरानिया हा दिवसा उडणारा, रंगीबेरंगी, लांब शेपटीचा पतंगही स्किपर फुलपाखरांच्या शेजारी बसवला. तो पतंगांच्या अगदी वेगळ्या कुलातला आहे हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. एकाच खुणेवर विसंबले की परके एकत्र येतात, हा लात्रेय यांचा स्वतःचाच धडा या ठिकाणी त्यांच्या मांडणीला लागू पडला. स्किपर फुलपाखरांचा मूळ गट मात्र अनेक खुणांवर उभा असल्याने टिकून राहिला.

वंशांच्या प्ररूप जाती

१८१० मध्ये लात्रेय यांनी कवचधारी प्राणी, कोळीवर्गीय प्राणी व कीटक यांच्या नैसर्गिक क्रमासंबंधी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. त्यात प्रत्येक वंशासाठी एक जाती नमुना म्हणून दिली आहे. वरवर पाहता ही साधी यादी वाटते, परंतु तिचा परिणाम दूरगामी झाला. एखाद्या वंशाचे पुढे तुकडे पडले, तर मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे राहावे, हा प्रश्न नेहमी पडतो. वंशाला एक प्ररूप जाती नेमून दिलेली असेल तर ती जेथे जाईल तेथे नाव जाते आणि वाद मिटतो. वंशांसाठी अशी निवड पद्धतशीरपणे करणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी हा एक होय. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने या तक्त्याचा स्वतंत्र विचार करून त्यातील निवडी ग्राह्य ठरवल्या. १७९६ च्या ग्रंथात वंशांखाली जातीच नव्हत्या, ही उणीव त्यांनी स्वतःच अशा रीतीने भरून काढली.

कीटकांचा भूगोल

पॅरिसच्या संग्रहालयात दूरदूरच्या प्रदेशांतून नमुने येत. अलेक्सांडर फोन हुंबोल्ट व एमे बाँप्लाँ यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या कीटकांचे वर्णन करण्याचे कामही लात्रेय यांच्याकडे आले होते. त्यातून कोणता कीटक कोठे आढळतो व का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. या विषयावरील निबंध त्यांनी १८१५ मध्ये विज्ञान अकादमीपुढे वाचला आणि १८१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

या निबंधातील मुख्य निष्कर्ष असा होता की, केवळ उष्णतामानावरून कीटकांचा प्रसार ठरत नाही. समान अक्षांशावरील, समान हवामानाचे दोन प्रदेश एकमेकांपासून दूर असतील किंवा समुद्र, पर्वत यांनी विभागलेले असतील, तर तेथील जाती वेगळ्या असतात. पर्वतांची उंची उत्तरेकडील थंडीची जागा घेते, हेही त्यांनी नोंदवले. अपोलो हे पांढरे फुलपाखरू स्वीडनमध्ये सखल भागात आढळते, पण फ्रान्समध्ये त्यासाठी डोंगर चढावे लागतात.

हे नियम त्यांनी एका भौमितिक चौकटीत बसवण्याचा प्रयत्न केला. पृथ्वीचे बारा-बारा अंशांचे अक्षांशपट्टे पाडून त्यांना त्यांनी कीटकांची हवामाने असे नाव दिले आणि रेखांशांवरून त्यांचे पोटविभाग केले. ही चौकट फार काळ टिकली नाही. निसर्ग अशा सरळ रेषा पाळत नाही, अशी टीका पुढील अभ्यासकांनी केली. परंतु प्रत्येक भूभागाला स्वतःची कीटकसृष्टी असते, हा मूळ विचार योग्य ठरला.

स्किपर फुलपाखरांचा आजचा ज्ञात प्रसार या विचाराला पुष्टी देतो. या कुलात साडेतीन हजारांहून अधिक जाती असून त्या अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आहेत. सर्वाधिक विविधता मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. सीलिएडिनी हे उपकुल आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलियात आहे, अमेरिकेत त्याची एकही जाती नाही. ट्रॅपेझायटिनी हे उपकुल ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी परिसरापुरते मर्यादित आहे. युडॅमिनी हे उपकुल बहुतांशी अमेरिकेतले आहे. घायपात व युका यांच्या आत शिरून पोसणाऱ्या अळ्यांची मोठी स्किपर फुलपाखरे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग व मेक्सिको यांचे वैशिष्ट्य आहेत. न्यूझीलंडमध्ये मात्र मूळची एकही स्किपर जाती नाही. सारख्याच अक्षांशांवर इतका फरक पडतो, त्याचे कारण केवळ उष्णतामानात सापडत नाही. भूखंडांचा व त्यांवरील जीवांचा इतिहास त्यामागे आहे.

मान्यता व अखेरची वर्षे

१८१४ मध्ये ऑलिव्हिए यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी लात्रेय यांची विज्ञान अकादमीचे सदस्य म्हणून निवड झाली. १८१७ मध्ये क्युव्हिए यांचा ‘प्राणिसृष्टी’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील संधिपाद प्राण्यांचा संपूर्ण खंड लात्रेय यांनी लिहिला होता. १८२९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचा भाग वाढून दोन खंडांचा झाला. १८२१ मध्ये त्यांना लेजियाँ द’ऑनर हा फ्रान्सचा सन्मान मिळाला. १८२५ मध्ये प्राणिसृष्टीच्या नैसर्गिक कुलांवरील आणि १८३१ मध्ये कीटकविज्ञानाच्या अध्ययनावरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले.

मानसन्मान मिळत असले तरी अधिकाराचे पद दूरच राहिले. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांच्याऐवजी व्याख्याने देण्याचे काम लात्रेय यांच्यावर पडले. त्यांनी ते अनेक वर्षे केले. १८२९ मध्ये लामार्क यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे अध्यासन दोन भागांत विभागण्यात आले. कवचधारी, कोळीवर्गीय प्राणी व कीटक यांचे अध्यासन १८३० मध्ये लात्रेय यांना मिळाले, तर मृदुकाय व इतर प्राण्यांचे ब्लॅन्व्हिल यांच्याकडे गेले. संग्रहालयात पाऊल ठेवल्यापासून बत्तीस वर्षांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. तोपर्यंत त्यांची प्रकृती खालावली होती.

१८३२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सच्या कीटकविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांनी लात्रेय यांना सन्माननीय अध्यक्ष म्हणून निवडले. त्याच वर्षी शहरात पटकीची भयंकर साथ आली. लात्रेय शहर सोडून ग्रामीण भागात गेले आणि वर्षअखेरीस परतले.

मृत्यू व स्मारक

६ फेब्रुवारी १८३३ रोजी पॅरिस येथे लात्रेय यांचे निधन झाले. पेर लाशेझ या प्रसिद्ध दफनभूमीत त्यांना समाधी देण्यात आली. कीटक अभ्यासकांनी तेथे एक स्तंभ उभारला. त्यावर नेक्रोबिया रुफिकोलिस या भुंगेऱ्याची आकृती कोरलेली आहे. संग्रहालयातील त्यांच्या अध्यासनावर त्यांचे सहकारी ज्यां-व्हिक्तोर ओदुअँ यांची नेमणूक झाली.

नंतरचे संशोधन व वारसा

लात्रेय यांनी आखलेल्या स्किपर कुलाच्या अंतर्गत रचनेचे काम पुढे शतकभर चालले. १८९३ मध्ये एडवर्ड येरबरी वॉट्सन यांनी या कुलाच्या वंशांची सुधारित मांडणी केली. हिंदुस्थानात सैनिकी सेवेत असलेले विल्यम हॅरी इव्हान्स यांनी भारतातील फुलपाखरे ओळखण्यासाठी लिहिलेला ग्रंथ १९२७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर इव्हान्स यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील संग्रहावरून स्किपर फुलपाखरांच्या सूची सिद्ध केल्या. आफ्रिकेतील जातींची सूची १९३७ मध्ये, युरोप, आशिया व ऑस्ट्रेलियातील जातींची १९४९ मध्ये आणि अमेरिकेतील जातींची चार भागांत १९५१ ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाली. प्रत्येक सूचीत जातींबरोबर त्यांचे प्रदेशही दिलेले आहेत. वर्गीकरण व प्रसार हे लात्रेय यांचे दोन्ही विषय त्यांत एकत्र आले.

स्किपर फुलपाखरे इतर सर्व फुलपाखरांपासून निराळी मानून त्यांना दीर्घकाळ स्वतंत्र महाकुलात ठेवले जात असे. एकविसाव्या शतकात जनुकीय अभ्यासामुळे हे मत बदलले. स्वॅलोटेल फुलपाखरांची शाखा आधी फुटली आणि स्किपर त्यानंतर वेगळी झाली, असे आता मानले जाते. त्यामुळे त्यांचे स्थान फुलपाखरांच्या समूहाच्या आतच येते. लात्रेय यांनीही त्यांना दिनचर फुलपाखरांमध्येच ठेवले होते. उपकुले व वंश यांच्या सीमा वारंवार बदलल्या, पण कुलाची त्यांनी ओढलेली बाह्य रेषा बहुतांशी तशीच राहिली आहे.

भारतात या कुलाच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात. फाब्रिसियस यांनी १७९८ मध्ये दक्षिणेतील डॅनिश वसाहत तरंगमबाडी येथील नमुन्यांवरून वर्णिलेली पेलोपिडास मॅथियास ही जाती त्यांपैकी एक होय. तिच्या अळ्या भाताची पाने दुमडून आत राहतात व ती खातात. कोकणातील भातखाचरांवर पावसाळ्यात झटक्याने उसळणारी तपकिरी फुलपाखरे पाहणाऱ्याला लात्रेय यांच्या कुलाचीच ओळख होत असते.